विजयाबाईंची चेष्टा

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या एका विद्यापीठातील फिजिओथेरपी विभागात उभा असलेला मी एक जुना सागवानी कठडा आहे. समांतर असे दोन दांडे, एवढाच माझा देह. पक्षाघाताने खचलेली माणसे मला धरून पुन्हा चालू लागतात.

दौलतगंजातील एका सुताराने मला घडविले. रंधा मारून झाला की तो दांड्यावर आपला गाल फिरवून पाही. रुग्णाच्या तळहातात लाकडाचे कुसळ जाऊ नये, ही त्याची काळजी. विद्यार्थ्यांच्या कितीएक तुकड्या माझ्यापाशी शिकल्या. ती मुले मला तेल चोळीत. पुढे चकचकीत यंत्रे आली आणि माझ्यावर पांढरे कोट लोंबू लागले.

यंदा बाहेरून आलेल्या समितीकडून पदवी अभ्यासक्रमाचे मूल्यमापन झाले. समितीचे मत प्रतिकूल पडले, तर नवे प्रवेश थांबणार होते. विभागप्रमुख सुनंदाबाईंना त्याचाच घोर लागला होता. समितीसमोर रुग्ण म्हणून खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातल्या विजयाबाई आल्या. चालण्याच्या यंत्राकडे बोट दाखवून, त्या लोखंडी घोड्यावर आपण चढणार नाही, असे त्यांनी बजावले. तेव्हा लगबगीने कोट उचलले गेले आणि त्यांनी मला धरले.

पण परक्या माणसांसमोर त्यांचे पाऊल उचलेना. शेवटच्या वर्षाची गरिमा घरी मराठी बोले, पण घाईत तिच्या तोंडी हिंदीच येई. ती म्हणाली, "आजी, थोडी चेष्टा तर करा ना."

विजयाबाईंनी समितीच्या गोपाळकृष्णांकडे निरखून पाहिले. "कुणाची करू? ह्या साहेबांची? टाय तर असा आवळलाय, जसा बोकड पळून जाणार आहे."

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. गरिमा ओशाळून म्हणाली, "तसं नाही आजी, म्हणजे कोशिश... प्रयत्न करा."

विजयाबाई खळखळून हसल्या, आणि हसता हसता त्यांचे पाऊल पुढे पडले. त्यांचा हात माझ्यावरून सुटला होता, हे त्यांच्या ध्यानीही नव्हते.

गोपाळकृष्णांनी टायची गाठ सैल केली. "संस्कृतात चेष्टा म्हणजे अंगाची हालचाल," ते शांतपणे म्हणाले. "मुलीने मागितली ती मिळाली."

नव्या प्रवेशांना संमती मिळाली. मात्र विद्यार्थ्यांनी रुग्णाची बोली शिकावी, अशी अट समितीने घातली.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, तपासून वापरात ठेवा. आणि कुणी मला धरून उभे असेल, तर त्याला घाई करू नका. त्याला कळेल अशा भाषेत दोन शब्द बोला, आणि थांबा.