कोबी, समोरासमोर

"वहिनी, कंबर दीड इंच आत घ्या," असं म्हणत कंडक्टरनं युनिफॉर्मची पँट शिलाई मशीनवर ठेवली, आणि उंबऱ्यात बूट काढत असलेल्या ड्रायव्हरचा हात लेसवरच थबकला.

ड्रायव्हरच्या बायकोनं नाकावर घसरलेला चष्मा वर सरकवला, पँट उलटी केली आणि कंबरपट्टीवरून बोट फिरवलं. मागच्याच वर्षी तिनं ती एक इंच सैल करून दिली होती. जुन्या टाक्यांच्या खुणा अजून दिसत होत्या.

"बारीक झालात की भाऊ!"

"तर काय! तुमच्या हातचा कोबी वहिनी, दुसरं काय? जन्मात कधी कोबीकडे ढुंकून बघितलं नव्हतं मी. आता डबा उघडला की आधी त्याच्यावरच झडप. आणि ह्यांचं मन केवढं मोठं, हे तर स्वतः हातसुद्धा लावत ना…"

इथं त्याची नजर उंबऱ्याकडे गेली. ड्रायव्हरचे डोळे चांगलेच वटारलेले होते.

"दूध ठेवून आलोय गॅसवर," असं पुटपुटत कंडक्टरनं अशी धूम ठोकली, की पँट कधी न्यायची हे विचारायचंही राहिलं.

इस्त्रीच्या टेबलाखाली पाय पसरून गणितं सोडवणाऱ्या पंधरा वर्षांच्या लेकीनं वही तोंडावर धरली. वही हलायला लागली.

दीड महिन्यापूर्वी डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी ड्रायव्हरसमोर रिपोर्ट सरकवला होता. तीन महिन्यांत रक्तातली साखर खाली आली तर ठीक. नाहीतर स्टेअरिंग सोडायचं आणि हरवल्या सामानाच्या खोलीत बसायचं, लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, एकेकटे हातमोजे आणि कुणाचीतरी कवळी सांभाळत. सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस घरी आला आणि फक्त "तीन महिने" एवढंच बोलून भिंतीकडे तोंड करून बसला. बाकीचं बायकोनं कागदावर वाचलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून ती कोबीचे दोन गड्डे घेऊन आली. हा पोट भरतो, साखर चढवत नाही आणि आठवडाभर टिकतो. ठरलं.

आता त्या बाईनं कोबी कसा हाताळावा हे बघण्यासारखं होतं. ती गड्डा दोन्ही हातांत घेऊन आधी तोलायची, मग अंगठ्यानं दाबायची. दिसायला केवढाही असो, हाताला जड लागला नाही की परत ठेवला. बाहेरची हिरवी पानं बायका बाजारातच ओरबाडून टाकतात, ती ही जपून घरी आणायची. आणि चिरणं! जन्मभर कापड कापलेला हात तो. सुरी लाकडावर नुसती टकटक टकटक चालायची आणि पाटावर रिळातून सुटलेल्या दोऱ्यासारखा ढीग पडत जायचा, एक धागा जाड नाही की एक बारीक नाही. त्यावर लिंबू, चिमूटभर मीठ. मग तो हातानं असा चोळायचा, की ताठर कोबी नरमून गोडसर पाणी सोडायचा. वर गाजराचा कीस, काकडी, भाजलेले तीळ. तेल जेमतेम चमचाभर.

हे सगळं दीड महिना रोज डब्यात जात होतं, आणि कंडक्टरच्या पोटात.

बायकोनं गळ्यातली टेप काढली.

"उभे राहा."

"अगं, मी सांगणारच होतो…"

"हात वर."

टेप पोटाभोवती फिरली. तिनं आकडा वाचला, मागच्या युनिफॉर्मचं माप लिहिलेल्या वहीत पाहिलं. कंबर तसूभर हलली नव्हती. ती ओरडली असती, दोन भांडी आपटली असती, तर ड्रायव्हरला बरं वाटलं असतं. पण तिनं टेपची शांतपणे गुंडाळी केली.

"सगळंच देऊन टाकायचात?"

"काकडी खायचो मी."

लेक आता उघडउघड हसत होती.

"उद्यापासून डबा बंद," बायको म्हणाली. "मधल्या सुट्टीत घरी यायचं. आठ मिनिटांवर तर डेपो आहे. मी तुमच्यासमोर बसेन. तुमच्या ताटात जेवढं, तेवढंच माझ्या. तुम्ही खाल तेवढं मी खाईन, तुम्ही टाकाल तिथं मी हात धुईन."

"तू कशाला उपाशी राहतेस?"

"मी कुठं म्हटलं उपाशी राहते? ते तुम्ही ठरवायचं."

पहिल्या दिवशी त्यानं ठरवलं. दोन घास चघळले आणि वाटी बाजूला सारली, कारण त्याला वाटलं ही नुसती धमकी आहे. बायकोनं तिचे दोन घास खाल्ले, उठली आणि मशीनवर बसली. संध्याकाळी तो परतला तेव्हा तिचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं आणि ती सुईत दोरा ओवत होती. तिसऱ्या प्रयत्नातही दोरा सुईत जात नव्हता. ड्रायव्हरनं तिच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून वाटी चाटूनपुसून.

जेवणाचा क्रमही तिनं बसवून दिला. आधी कच्चं, मग शिजवलेलं, मग डाळ, आणि भात सगळ्यात शेवटी, तोही मूठभर. भाताकडे त्याचा हात आधी गेला की लेक लगेच टोकायची, "बाबा, डायरेक्ट चौथ्या गिअरमध्ये गाडी उचलताय!"

आणि एकच भाजी असली तरी बाईनं त्याला कंटाळायला म्हणून जागा ठेवली नाही. कधी कोबीच्या जाड फोडी तव्यावर दोन्ही बाजूंनी काळपट होईपर्यंत भाजायची आणि वर ठेचलेला लसूण घालायची. कधी मोठ्या पानांत मूग आणि पुदिना गुंडाळून वाफवायची. पानांची टोकं अशी दुमडायची, जशी बाहीची किनार. कधी नुसता परतायची, तोही मोठ्या आचेवर दोन मिनिटं, वर एक सेकंद नाही, कारण जास्त शिजला की कोबी वास मारतो, असं ती सांगायची. एके दिवशी तिनं मधला दांडा सोलून त्याच्या पातळ चकत्या ताटात ठेवल्या. ड्रायव्हरनं एक तोंडात टाकली, मग दुसरी. मग लेकीच्या ताटातली चोरली.

"बाबा!"

"अगं, हा तर गोड लागतो!"

समोर बायको जेवत असायची. त्याच्या घासाबरोबर घास, ना घाई ना कुरकुर. शेवटी वाटीला बोट लावून तीही स्वच्छ. चेहऱ्यावरची रेघही हलायची नाही. ड्रायव्हरला कौतुक वाटायचं आणि थोडी असूयाही.

"तुला बरंय," तो एकदा म्हणाला. "तुला मुळातच आवडतं हे सगळं."

"पाणी देऊ?" ती म्हणाली.

मुदतीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून ड्रायव्हरकडे पाहिलं.

"काय केलंत?"

"कोबी."

"नुसता कोबी?"

"कोबी आणि बायको."

त्या हसल्या आणि कागदावर सही ठोकली. "चालवा गाडी."

आठ मिनिटांचा रस्ता त्यानं पाच मिनिटांत कापला. घरात पाऊल टाकतो तो आत हसण्याचा गलका. परगावची मेहुणी आली होती. लेकीनं त्याच्या हातातला कागद हिसकावला, वाचला आणि अशी किंचाळली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. बायकोनं कागद हातात घेतला. सगळ्या ओळी सावकाश वाचल्या. घडी घातली.

"चला," ती म्हणाली, "जेवून घ्या. गार होतंय."

ताटं मांडली गेली. पहिला घास घेता घेता मेहुणीचं लक्ष बहिणीच्या ताटाकडे गेलं आणि तिचा चमचा हवेतच राहिला.

"ताई, हे तुझ्या ताटात काय?"

"जेव गं तू."

"अगं पण कोबी? तू?" मेहुणी ड्रायव्हरकडे वळली. "भावोजी, काय जादू केलीत हिच्यावर? लहानपणी घरी कोबी शिजला की ही अंगणात जाऊन बसायची. एकदा आईनं बळेच भरवला तर सगळा माझ्या नव्या फ्रॉकवर ओकली होती!"

"लहानपणीचं काय घेऊन बसलीस?"

"आणि गेल्या वर्षी माझ्याकडे? मी पातेलं उघडलं तर पदर नाकाला लावून गच्चीत पळालीस ना?"

लेक हसायला लागली आणि मध्येच थांबली. तिनं आईकडे पाहिलं, मग बाबांकडे.

ड्रायव्हर जेवायचा थांबला होता. बायकोचा प्रत्येक घास सुपारीएवढा होता. प्रत्येक घासामागे पाण्याचा एक घोट. दीड महिना रोज दुपारी तो तिच्यासमोर हातभर अंतरावर बसला होता, आणि हा पाण्याचा पेला त्याला आज दिसत होता.

त्यानं हात लांबवला, तिची वाटी उचलली आणि सगळा कोबी आपल्या ताटात ओतला.

"अहो, तो माझा आहे."

"माहितेय मला," असं म्हणून तो खायला लागला. "उद्या बाजारात मी जाणार. तुझ्यासाठी मस्तपैकी…"

आणि तो अडकला. लेकीला काय आवडतं ते त्याला माहीत होतं. कंडक्टरचं तर पाठच होतं. त्यानं मदतीसाठी लेकीकडे पाहिलं. लेकीनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं ओठ हलवले, पण तिच्याही तोंडून काही निघेना. कोबी आवडत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

"तुला कुठली भाजी आवडते गं?" ड्रायव्हरनं अखेर विचारलं.

"मला?" तिनं चमचा खाली ठेवला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग मान हलवली, तेही नव्हे. कपाळाला बारीक आठी पडली.

"थांबा हं," ती म्हणाली. "आठवू दे."

तिघंही जेवायचं थांबवून तिच्याकडे बघत राहिली.