लसणाचा वास येणारी इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. तुम्ही म्हणाल, इस्त्रीला कसलं आलंय आत्मवृत्त? गरम व्हायचं आणि गार व्हायचं. पण मित्रांनो, जरा जवळ या आणि माझा वास घ्या. लसूण आला ना? थोडा ओवाही येईल. आता मला सांगा, तुमच्या घरच्या इस्त्रीला असा वास येतो का? नाही ना? मग ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण जन्मल्या जन्मल्या मला खोक्यात घातलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, की आपण मोठ्या माणसांच्या शर्टाला कडक घड्या घालायच्या. तसे विचार खोक्यात खूप येतात. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

मला बीडच्या बाजारातून कडूबाईंनी विकत घेतलं. कडूबाई शिरूर कासारकडच्या. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. त्यांनी खोक्यावर कुंकवाचं बोट उमटवलं, वर रंगीत कागद गुंडाळला आणि भाच्याच्या लग्नात मला आहेर म्हणून दिलं. मला वाटलं, लागले कामाला! पण आपल्याकडे आहेरात आलेली इस्त्री कुणी उघडत नाही. ती पुढच्या लग्नासाठी जपून ठेवतात. भाच्याच्या घरून मी त्याच्या साडूच्या लग्नाला गेले, तिथून कुणाच्या बारशाला, तिथून एका शिक्षकांच्या निवृत्तीला. दर वेळी जुन्या कागदावर नवा कागद चढायचा. कांद्याला पापुद्रे असतात तसे मला कागद झाले. जिल्ह्यातल्या अनेक मांडवांत मी जेवणावळीचे आवाज ऐकले, पण उजेड म्हणून पाहिला नाही.

शेवटी कडूबाईंनी दोन पक्क्या खोल्या बांधल्या आणि वास्तुशांत घातली. त्या वास्तुशांतीला कुणीतरी मला आहेर म्हणून आणलं. कडूबाई कागद सोडत गेल्या, सोडत गेल्या आणि शेवटच्या कागदाखाली त्यांना स्वतःचंच कुंकवाचं बोट दिसलं. 

"आगं बया," त्या म्हणाल्या, "तू तर माझीच हायेस. आता तुला कुटंच धाडत न्हाई."

दोनच दिवसांनी त्यांनी मला बीडला धाडलं. त्यांचा मुलगा परमेश्वर नुकताच बी.एस्सी. झाला होता आणि नोकरी शोधायला बीडमध्ये खोली करून राहणार होता.

"सायेब लोक आधी कापडं बघत्यात," असं म्हणून कडूबाईंनी मला त्याच्या पिशवीत घातलं.

परमेश्वरचे वडील मुंजाजी तिथेच बसले होते. ते कमी बोलायचे. ते म्हणाले, "दिवाळीपस्तोर नोकरी लागली तर लागली. न्हाईतर मेंढरामागं."

मेंढरामागे जाण्यात कमीपणा आहे, असं परमेश्वरला मुळीच वाटत नव्हतं. अडचण मेंढरांची होती. त्यांना परमेश्वर पसंत नव्हता. त्याने "हुर्रऽ" केलं की ती खाली बसायची. एकदा तो अख्खा कळप घेऊन गेला आणि संध्याकाळी कळप त्याला घेऊन परत आला. ही गोष्ट गावात अजून सांगतात. त्यामुळे नोकरी लागणं त्याच्यासाठी फार गरजेचं होतं आणि मेंढरांसाठी त्याहून.

बीडमधल्या खोलीत वडवणीचा सोमेश्वर आधीपासून राहत होता. तोही पदवीधर, तोही नोकरीच्या शोधात. दोघे सकाळी उठून मोबाइलवर जाहिराती बघायचे. अनुभव असलेलाच माणूस सगळ्यांना हवा असायचा. अनुभव कुठे मिळतो, हे मात्र कुणी छापत नव्हतं.

खोलीच्या मालकीणबाई छबुबाई खाली राहायच्या. त्यांचा एकच नियम होता. "खोलीत चूल न्हाई, गॅस न्हाई, शेगडी न्हाई. भिंती काळ्या झालेल्या मला चालायच्या न्हाईत."

इस्त्रीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मित्रांनो, माझ्या आयुष्याला वळण लागलं ते इथे.

कडूबाई एका आड एक दिवस एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायच्या. भाकरी, धपाटी, चटणी. डबा बीडला पोचेपर्यंत भाकरी इतकी कडक व्हायची, की तिच्यानेच शर्टाला इस्त्री झाली असती. एके दिवशी सोमेश्वरने भाकरी दाराच्या चौकटीवर आपटून पाहिली. चौकटीचा टवका उडाला. मग तो माझ्याकडे बघायला लागला. त्याची ती नजर मी अजून विसरले नाही.

"पऱ्या," तो म्हणाला, "ही किती गरम हुतीय बे?"

"कावून?"

का ते त्याने सांगितलं नाही. त्याने मला उलटं केलं आणि स्पर्धा परीक्षेच्या दोन जाडजूड पुस्तकांच्या मधे रोवलं. त्या पुस्तकांचा इतका चांगला उपयोग त्या खोलीत आधी झाला नव्हता. मग माझ्या पोटावर धपाटं ठेवलं.

तुम्हाला खरं सांगू? मला अपमान वाटला. मी वस्त्र खात्यातली, मला अन्न खात्यात ढकललं. पण धपाटं हळूहळू मऊ झालं, त्याला वाफ आली, लसणाचा वास सुटला, आणि दोन बेकार पदवीधर माझ्याभोवती मांडी घालून बसले. इतक्या आशेने माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. मी गरम राहिले.

त्यानंतर आमच्या खोलीत माझ्या बटणाचे अर्थ बदलले. 'कॉटन'वर धपाटी, 'वूल'वर पापड, 'सिल्क'वर चटणीतलं तेल पातळ करायचं. अंड्याचा प्रयोग एकदाच झाला. त्याबद्दल मी बोलणार नाही.

छबुबाईंना वास जायचाच. त्या खालून ओरडायच्या, "ए पोरांनो! कशाचा वास येतोय रे?"

"इस्त्री करतोय मावशी!"

"मग शर्टाला लसूण लावताव का?"

"नवीन फॅशन हाय मावशी!" सोमेश्वर सांगायचा.

मग खाली बराच वेळ शांतता असायची. छबुबाई फॅशनवर विचार करत असाव्यात.

आणि मी शर्टही करत होते, बरं का. परमेश्वरकडे मुलाखतीचा एकच पांढरा शर्ट होता. दर मुलाखतीआधी तो मला जुन्या वर्तमानपत्राने घासून पुसायचा आणि मन लावून इस्त्री करायचा. मी त्या शर्टाला इतकी कडक घडी घालायचे, की बाकी काही नाही तरी शर्टाला नोकरी लागावी. पण शर्ट परत यायचा, परमेश्वरही परत यायचा. "कळवतो म्हनले," तो सांगायचा, आणि दोघे धपाटी गरम करायचे.

असं करता करता दसरा गेला. दिवाळी तोंडावर आली. मुंजाजींनी परमेश्वरसाठी एक नवं घोंगडं आणून ठेवल्याचा निरोप कंडक्टरने डब्याबरोबर दिला. परमेश्वर त्या रात्री एकच धपाटं जेवला.

आणि मग वडवणीहून बोलावणं आलं. तिथे अर्जुनराव नावाच्या बागायतदारांचा पशुखाद्याचा धंदा होता. वाड्या-वस्त्यांवर फिरून पेंड विकणारा माणूस त्यांना पाहिजे होता. दिवाळीआधीची ही शेवटची मुलाखत.

"आज वडवणीचा बाजार हाय," सोमेश्वर म्हणाला. "एसटीत उभं राहायला जागा न्हाई मिळायची. शर्टाचा चोळामोळा हुईल. असं कर, शर्ट घडी करून ने, इस्त्रीबी ने, तिथं उतरून कर."

माणूस हुशार होता. फक्त त्याने सकाळी उठून रात्रीचं धपाटं माझ्यावर गरम केलं होतं आणि मला न पुसताच पिशवीत टाकलं होतं.

एसटीत माझ्या पिशवीवर एक कोंबडी बसली होती. तिची मालकीण परमेश्वरला म्हणाली, "बाबा, पिशवीत काय हाय? ऊब लागतीय तिला."  कोंबडी वडवणीपर्यंत उठली नाही.

स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं. परमेश्वरने मालकाला विचारलं, "काका, जरा लावू का हितं?"

"लाव की," मालक म्हणाले. त्यांना वाटलं, चार्जर असेल. परमेश्वरने पिशवीतून मला काढलं.

"हा कोन्त्या कंपनीचा मोबाइल रे?" मालकांनी विचारलं.

परमेश्वरने टेबलावर टॉवेल अंथरला, त्यावर शर्ट अंथरला. शहाणा मुलगा पाठीपासून सुरुवात करतो, म्हणून छाती वाचली. मला कळत होतं, माझ्या पोटावर हळद आहे, तेल आहे. मी ओरडले असते. पण इस्त्रीला तोंड नसतं, नुसतं टोक असतं. त्याने मला शर्टाच्या पाठीवर टेकवलं आणि उचललं.

पांढऱ्या शर्टावर माझं संपूर्ण चित्र उमटलं होतं. पिवळंधमक, तिन्ही बाजूंनी स्वच्छ, आणि बरोबर मधोमध एक तीळ.

 मुलाखतीची वेळ झाली होती. परमेश्वरने मला टॉवेलला पुसलं, बाकीचा शर्ट जमेल तसा करून घेतला, तो अंगात घातला, मला पिशवीत ठेवलं आणि रस्ताभर भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा चालत अर्जुनरावांच्या ऑफिसात गेला.

आत काय झालं, ते मी पिशवीतून ऐकलं.

"मेंढरांतला हायेस म्हनं," अर्जुनराव म्हणाले. "सांग बरं, मेंढी दिवसाला किती खाती?"

"मी बघाय लागलो की खायची थांबती, साहेब."

 मग अर्जुनराव म्हणाले, "बरं, ये तू. कळवतो."

परमेश्वर उठला आणि मागे मागे चालायला लागला.

"आरं, देवळातून निघालास का? पाठ दाखव की!"

"न्हाई साहेब. मोठ्या मानसाला पाठ दाखवू ने."

"मला लोक रोज पाठ दाखवत्यात. फिर."

परमेश्वर फिरला. मला पिशवीत घाम फुटला. इस्त्रीला घाम फुटतो, मित्रांनो, त्यालाच वाफ म्हणतात. पण मी साधी इस्त्री आहे, माझ्यात वाफेची सोय नाही. तरी फुटला.

"हे काय हाय?"

"धपाटं, साहेब."

"शर्टावर?"

आता नोकरी गेलीच आहे, असं परमेश्वरला वाटलं असणार. कारण त्याने सगळं खरं सांगून टाकलं. छबुबाईंचा नियम, कंडक्टरजवळचा डबा, पुस्तकं, 'कॉटन', 'वूल', सगळं. शेवटी त्याने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

अर्जुनरावांनी मला नीट निरखलं. मग त्यांनी टेबलाखालून स्वतःचा डबा काढला. आत गारढोण भाकरी होती.

"कर बरं गरम," ते म्हणाले.

तिथे पुस्तकं नव्हती. कपाटावर 'उत्कृष्ट विक्रेता' असं लिहिलेल्या दोन ट्रॉफ्या होत्या. परमेश्वरने त्या घेतल्या आणि मला त्यांच्या मधे उलटं बसवलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जीव ओतून तापले. भाकरीला पापुद्रा सुटला. परमेश्वरने ती बोटाने फिरवत चारी कडा शेकल्या आणि साहेबांपुढे ठेवली. अर्जुनराव खाऊ लागले. बघता बघता त्यांनी अर्धी संपवली.

"माज्याकडची मानसं टिकत न्हाईत," मग ते म्हणाले. "कावून म्हाईत हाय? पेंड विकाय वस्तीवर जात्यात. तितं ना हॉटेल ना काय. दुपारी गार डबा खात्यात, न्हाईतर उपाशी. महिन्यात पळून जात्यात. मेंढी किती खाती, ते मी तुला शिकवीन. पर मानसानं दुपारी काय खावं, ते मला कुनाला शिकवता येईना." त्यांनी पुढचा घास मोडला. "आन् वस्तीवर लाईट नसली तर रं?"

"उन्हात ठेवायची, साहेब. मे महिन्यात तर प्लगबी लागत न्हाई."

अर्जुनरावांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "सोमवारपासून ये. हिला घिऊन ये."

"आन् शर्ट, साहेब?"

"शर्ट कशाला? आपला टी-शर्ट हाय."

तो टी-शर्ट मी पाहिला. त्यावर हसणाऱ्या मेंढीचं चित्र आहे आणि आत कॉलरला पट्टी आहे, 'इस्त्री करू नये'. मला ते लागलं. पण आयुष्यात सगळंच मनासारखं होत नाही.

मुंजाजींनी नोकरीची बातमी ऐकून मान हलवली आणि ते नवं घोंगडं स्वतः पांघरलं. मेंढरांनाही हलकं वाटलं असावं. परमेश्वरने पांढरा शर्ट टाकला नाही. माझं चित्र असलेली बाजू वर करून तो त्याने कामाच्या दुचाकीच्या पेटीत अंथरला आहे, आणि मी त्यावर बसून वस्तीवस्तीवर जाते. लाईट नसेल तिथे उन्हात बसते. सोमेश्वरला खोलीत आता माझी फार आठवण येते. छबुबाईंनाही येत असावी, कारण परवा त्या त्याला म्हणाल्या, "आजकाल तुमच्या इस्त्रीचा वास येत न्हाई रे. मी वासावरच एक भाकर जास्त खायची."

मित्रांनो, मी जास्त उपदेश करणार नाही, माझ्या पोटाला अजून हळद लागलेली आहे. एवढंच सांगते. इस्त्री ठेवण्याआधी पुसा. आणि घरात आलेली वस्तू खोक्यात जपून म्हातारी करू नका. ती उघडा, वापरा, तिच्यावर डाग पडू द्या. डाग पडलेल्या वस्तूला पुढच्या लग्नात कुणी देऊन टाकत नाही.

कडूबाईंना हे कळलंय. आता नात्यात कुठेही लग्न निघालं की त्या आहेर म्हणून नवी इस्त्रीच घेतात. पण देण्याआधी खोकं स्वतः फोडतात, इस्त्री बाहेर काढतात, तिच्या पोटाला कुंकवाचं बोट लावतात आणि नवरीच्या हातात देताना सांगतात,

"लई गुनाची हाय बग. आन् हिच्यावर कापडंबी करता येत्यात."