खुर्चीवरचा फोटो

सोमवारी मिरजेत ज्योतिबाचं स्वरयंत्र काढणार होते. म्हणून शनिवारच्या चर्चासत्रासाठी त्याने आठवडाभर आवाज राखून ठेवला होता. पाणी हवं असलं तरी तो पाटीवर लिहायचा. बायको राजेश्वरी ते वाचून दाखवायची आणि आई बनाबाई म्हणायची, "साळंत पोरांनी लिवायचं, तर हितं मास्तरच लिवतोय."

आष्ट्याहून कोरेगावला जायला डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हा चर्चासत्र भरवणारं तिथलं कॉलेज त्याचा निबंध गाळायलाच निघालं होतं. त्याचा जुना विद्यार्थी इंद्रजित तिथे प्राध्यापक. त्याने भांडून ऑनलाइनची सोय करून घेतली. "अगदीच जमलं नाही तर मी वाचतो, सर," असंही तो म्हणाला होता. ज्योतिबाने पाटीवर लिहिलं, 'आणि हाळी?'

निबंध मेंढपाळांच्या वाटांवर होता. कळप वळवायची हाळी, थांबवायची हाळी, लांडगा आला म्हणून द्यायची हाळी, सगळ्या त्याच्या बापाच्या घशातून त्याच्या घशात आलेल्या. कागदावर त्या उतरत नव्हत्या.

शनिवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. राजेश्वरीने पलंगासमोर लॅपटॉप मांडला. पडद्यावर सभागृह दिसू लागलं. व्यासपीठावरच्या एका खुर्चीत ज्योतिबाचा चौकटीतला फोटो टेकवून ठेवला होता. वक्त्याची खुर्ची रिकामी दिसू नये, हा प्राचार्यांचा हट्ट.

"फोटू झ्याक हाय," बनाबाई म्हणाली. "तवा केस हुतं की रं तुला!"

ज्योतिबा नुसता हसला.

सभागृहात शिरण्याआधीच इंद्रजितचा फोनवर निरोप आला होता. उद्घाटनात व्यत्यय नको म्हणून सरांचा माईक आणि कॅमेरा तिकडूनच बंद ठेवणार होते. वेळ आली की इंद्रजितच ते सुरू करणार होता.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. त्यांनी घाईघाईत समई लावली, टेबलावरच्या थोरांच्या प्रतिमांना हार घातले. तबकात एक हार उरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो खुर्चीवरच्या फोटोला घातला. मग हात जोडले.

बनाबाई ताडकन उठली. "आगं राजे, जित्या माणसाला हार घातला गं!"

"सर आजारी आहेत हे कानावर होतं," पाहुणे माईकवर म्हणाले. "पण इतक्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सभागृह उभं राहिलं. प्राचार्यांनी पाहुण्यांकडे पाहत तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि मान खाली घातली.

"अहो, मी आहे!" ज्योतिबा ओरडला. "इंद्रजित! अरे, मी आहे!"

राजेश्वरीने इंद्रजितला फोन लावला. बंद. सभागृहात शिरतानाच सगळ्यांना फोन बंद करायला लावले होते. तिने नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. "अहो, नका ना! आवाज राखा."

त्याने हात झटकला. आता शब्द नव्हते. लांडग्याची हाळी होती ती, लांब, चढत जाणारी. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. हाळी मध्येच चिरली आणि तुटली. पडद्यावरची माणसं माना खाली घालून उभीच होती.

सगळे बसल्यावर इंद्रजित धावत व्यासपीठावर गेला. पाहुण्यांच्या कानाला लागला. हार काढला गेला. "सरांचं आयुष्य वाढलं म्हणायचं!" पाहुणे म्हणाले. हशा झाला, टाळ्या पडल्या.

"सर, माफ करा," इंद्रजित म्हणाला. "तुमच्यापासूनच सुरुवात करू. बोला."

ज्योतिबाने कागद उचलला. तोंड उघडलं. नुसता वारा आला. त्याने पुन्हा ओठ हलवले.

"सर, आवाज येत नाही. तुमचा माईक बघा जरा."

राजेश्वरीने पाहिलं. माईक सुरू होता.

"पंख्याची घरघर येतेय, सर," इंद्रजित म्हणाला. "तुमचाच आवाज येत नाही."

राजेश्वरी उठली आणि तिने पंखा बंद केला.