तांडेलाचं कोपर

जयगडच्या खाडीकाठी राहणारा भिकाजी तांडेल जे सांगे, त्यातलं पाणी आटवलं तर हातात चिमूटभर मीठ उरतं, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तरुणपणी त्याने म्हणे एका मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, शेपटीला दोर बांधला आणि तिच्याकडून होडी थेट बुरोंडीपर्यंत ओढून घेतली. वाटेत दाभोळला तिला पाणी पाजायला थांबला, तेवढाच काय तो उशीर. वाडी ऐकायची, हसायची, चहा पिऊन उठून जायची. भिकाजीला त्याचं कधी काही वाटलं नाही. थापेवर कोणी विश्वास ठेवावा असा त्याचा हट्टच नव्हता.

पण सत्तरी गाठता गाठता त्याच्या हातून एक खरी गोष्ट घडली, आणि तिथेच सगळं नासलं.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून शूटिंगवाले आले होते. त्यांना एक होडी हवी होती आणि ती वल्हवणारा म्हातारा. भिकाजी एक अख्खी दुपार त्यांच्या मालिकेसाठी खाडीत वल्हं मारत बसला. आता ती मालिका आली होती. टीव्हीवर नाही, फोनवरच्या एका ॲपवर. भिकाजीने दारोदार जाऊन सांगितलं, "मी त्यात हाय." वाडी हसली, चहा प्याली आणि उठून गेली.

या वेळी मात्र त्याला ते लागलं.

"मुशीवर नका ठेवू इस्वास, मी मागतच नाय," तो बायकोपाशी धुसफुसला. "पण हे खरं हाय गो मथुरा! खऱ्याला तरी काय किंमत?"

"मग माझ्या फोनवर बघून घेऊया ना," मथुरा म्हणाली. तिचा फोन तिच्या हाताला असा चिकटलेला असे की भाकरी थापतानासुद्धा तो पिठाने पांढरा होई. "कुठं येताय तुम्ही, ते आधी कळंल तरी."

"तळहाताएवढ्या खिडकीत चोरून बघायला मी काय पाप केलंय? सगळ्यांनी एकदम बघितलं तरच उपयोग."

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून गंगारामाने मान वर काढली. गंगाराम शेजारी, बंदरावर नोकरीला. त्याने नुकताच भिंतीवर भलामोठा चपटा टीव्ही टांगला होता. त्याच्या पोटात ॲप म्हणे जन्मापासूनच असतात.

"तांडेल, कशाला हैराण होताय? आमच्याकडं या सगळे, लावू. असलात तर दिसाल."

"असलात तर." हे दोन घास भिकाजीच्या घशाखाली उतरेनात. आणि तो चपटा टीव्ही! त्याने एकदा दारातून बघितला होता आणि किळस येऊन तो तिथूनच परतला होता. पुढं चित्र आणि मागं काहीच नाही? बाजूने बघितलं तर वाळत घातलेला पापड. पाठ नसलेल्या वस्तूवर स्वतःचं तोंड बघायला तो जाणार नव्हता.

त्याचा स्वतःचा टीव्ही म्हणजे वस्तू होती. मेव्हण्याने पंचवीस वर्षांपूर्वी आखातातून आणलेला. तो तरीच्या होडीतून खाडीपार आणला तेव्हा ती काठापर्यंत पाण्यात गेली होती आणि मासे वाकून आत बघत होते. चौघांनी मिळून तो ओटीवर चढवला. त्यातला एक अजून वाकून चालतो. टीव्ही लावला की तिसऱ्या घरातला दिवा मंद होई, आणि त्याच्या उबदार पाठीवर मथुरेची कोंबडी अंडी उबवी. एवढ्या थोर वस्तूला ॲप म्हणजे काय ते माहीत नव्हतं, हा काय तिचा दोष?

देवरूखला अनिल नावाचा एक दुरुस्तीवाला आहे, जुना टीव्ही कधी टाकून देत नाही, असं कोणीतरी म्हणालं. भिकाजी दोन एसट्या बदलून तिथं गेला. अनिलने टीव्हीच्या पाठीचा फोटो बघितला आणि मान हलवली.

"काका, याच्या मागं तीनच भोकं. पिवळं, पांढरं, लाल. आणि ही ॲपची काडी, हिच्यातून ॲप टीव्हीत उतरतं, पण हिचं तोंड चपटं. दोघांची भाषा जमायची नाही. मधे हा डबा लावा. दुभाषी."

आगपेटीएवढा तो डबा बघून भिकाजीने नाक मुरडलं. "याच्याही पोटात वीज घालावी लागंल?"

"लागेल. काडीलाही वेगळी. आणि चित्र कडेला थोडं खाल्लं जाईल, जुन्या टीव्हीची खोडच ती."

"खाऊंदे," भिकाजी म्हणाला. "खाऊन खाऊन किती खाईल?"

घरी आल्यावर तीन दिवस टीव्हीच्या मागं जे वायरींचं गुंतवळ झालं, ते बघून मथुरेची कोंबडी अंडी सोडून माडावर जाऊन बसली. आधी चित्र आलं ते काळंपांढरं. मथुरेने डब्याच्या कुशीतली इवलीशी कळ नखाने सरकवली, तसे रंग आले. मग टीव्ही प्रश्न विचारू लागला. नंबर काय? फोनवर आलेले आकडे काय? पासवर्ड काय? एकेक अक्षर बाण दाबत दाबत गाठायचं, खडकावरून कालवं फोडून काढावीत तसं. शेवटी चार गोल चेहरे आले आणि मथुरेने वाचून दाखवलं, "कोण बघतंय, असं विचारतोय."

"माझ्या घरात, माझ्या ओटीवर, मला विचारतोय कोण बघतंय?" भिकाजी ओरडला. "भिकाजी तांडेल बघतोय म्हणावं, मेल्या!"

मथुरेने त्यातला लाल नाकाचा एक चेहरा निवडला. भिकाजीला त्याचीही किळस आली, पण पुढं जायला दुसरा रस्ता नव्हता.

रविवारी दुपारी जेवणं आटोपून सगळी वाडी ओटीवर जमली. पुढं खुर्चीत काशीआते, पंच्याऐंशीची, वाडीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट. मागं सुना, जावा, लेकी. पुरुष भिंतीला टेकून. गंगाराम दारात एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभा, निघायची वेळ आली तर सोयीचं म्हणून.

मालिका सुरू झाली. दुभाषी डब्याने सगळी माणसं दाबून उंच केली होती. नायक असा दिसे की त्याला आठवडाभर कोणी जेवायला वाढलं नसावं. आणि त्या उपाशी नायकाने तोंड उघडलं. काय ती जीभ! पहिल्या वाक्यात आई, दुसऱ्यात बहीण. सुनांनी पदर तोंडाला लावले. पुरुष आपापल्या पायाची नखं बघू लागले. मग एकाचा गळा चिरला, आणि रक्त असं उडालं की पुढं बसलेल्या काशीआतेने पाय वर घेतले.

"शी! हे बघायला बोलावलंस व्हय रे आम्हाला?"

"आते, माझं यायचंय अजून," भिकाजी म्हणाला. त्याच्या तोंडाची चव गेली होती. फोनवर एकेकटं बघायला ही घाण केलेली असते, ओटीवर सासवा-सुनांनी मिळून बघायला नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या भागात नायक आणि एक बाई खोलीत शिरले आणि त्यांनी कडी लावली. भिकाजी ताडकन उठला. टीव्हीवर घालायचं एक कव्हर होतं, मथुरेने जाड चादरीचं शिवून त्यावर दोन पोपट भरलेलं. ते त्याने टीव्हीच्या तोंडावर ओढलं आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. आतून जे आवाज आले, ते पोपटांनाही सोसवेनात.

"अवो, पुढं ढकलू का?" मथुरा रिमोट घेऊन म्हणाली.

"आणि त्यात माझंच ढकललं गेलं तर? मी कुठल्या भागात हाय, मला तरी काय माहीत!"

म्हणून ढकलायचं नाही, झाकायचं. आवाज ओला झाला की पोपट खाली, कोरडा झाला की पोपट वर. तिसरा भाग असा गेला. चहा झाला. चौथ्या भागाच्या तोंडाशी टीव्ही आपणहून थांबला.

"अजून बघताय का, असं विचारतोय," मथुरा म्हणाली.

"नाइलाज हाय, सांग त्याला."

पाचव्या भागात पुन्हा तो संथ, ओलसर बाजा सुरू झाला. भिकाजी आता सरावला होता. उंच नायकाने उंच बाईच्या खांद्यावर हात ठेवायच्या आत पोपट खाली आले. आणि कव्हराखालून आवाज आला: कुंय… छपक. कुंय… छपक. वल्ह्याचा. आणि पाठोपाठ एक घोगरा गळा:

"बाय, मधे बस गो. होडी कलंडतेय."

भिकाजीने कान कव्हराला लावला. ते त्याचं वाक्य होतं. कोणी लिहून दिलेलं नव्हतं. त्या दुपारी त्याला फक्त वल्हवायला सांगितलं होतं, आणि बजावलं होतं: काका, पुढं बघायचं, मान वळली की सगळं पहिल्यापासून. मागं ती दोघं बसली होती. होडी एका अंगाला गेली, तेव्हा ढुंगणाखालच्या फळीवरून त्याला ते कळलं आणि त्याने न वळता बोलून टाकलं. तो समजत होता, ती दोघं खाडी बघायला वाकली असतील.

आता कव्हराखाली ती दोघं काय करत होती, ते ऐकू येत होतं.

"हा तर तांडेलाचा गळा!" कोणीतरी म्हणालं.

"गळा काय, कोणाचाही असतो," गंगाराम दारातून म्हणाला. "काढा ते पोपट. असलात तर दिसाल."

"नको वो," मथुरा पुटपुटली.

"काढ रे भिकू," काशीआते म्हणाली.

भिकाजीने मागं बघितलं. तीस जोडी डोळे. पोपट वर केले, तर ही घाण त्याच्या हाताने त्याच्या ओटीवर मांडली जाणार, आणि तीही त्याच्याच होडीतली. नाही केले, तर हेही मुशीच्या खात्यात जाणार. त्याने डोळे मिटले आणि कव्हर उचललं.

त्याने डोळे उघडून बघितलं. होडी होती. ती दोघं होती, एकमेकांत अशी गुंतलेली की वायरींच्या गुंतवळाने लाजावं. आणि उजव्या कडेला एक कोपर होतं. नुसतं कोपर. पुढं येई, मागं जाई. बाकीचा भिकाजी टीव्हीने खाल्ला होता.

"तांडेल कुठं हायत?" गंगारामाने विचारलं.

"ते… ते कोपर," भिकाजी म्हणाला.

"कुठलं?"

"मथुरा, मागं घे."

मथुरेने मागं घेतलं. तो मुका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. "बघा, ते आलं, ते गेलं." काहींना दिसलं नाही. पुन्हा मागं. पुरुष भिंत सोडून पुढं सरकले, कोपर नीट दिसावं म्हणून. सुनांचे पदर तोंडावरून उतरले. काशीआतेने चष्मा मागवला. वाडीने तो मुका सात वेळा बघितला, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणे, "थांब, थांब, तिथं थांबव." भिकाजी टीव्हीला हात टेकून उभा होता. त्याला शिसारी आली होती त्या मालिकेची, टीव्हीची, वाडीची, आणि त्याहून स्वतःच्या कोपराची.

सातव्या वेळी काशीआतेने हात वर केला.

"कोपर भिकूचंच. वल्हं ओढून झालं की असं बाहेर झटकतो. याच्या बापाचीही तीच तऱ्हा, मी त्याच्या होडीतून लग्नाला गेलेय."

काशीआते म्हणाली म्हणजे झालं. गंगारामाने दुसरा पायही आत घेतला.

"मानलं, तांडेल. होतात तुम्ही."

एवढं ऐकायला भिकाजीने देवरूख गाठलं होतं. त्याची छाती फुगू लागली, अर्ध्यापर्यंत आली.

"म्हणजे," गंगाराम म्हणाला, "हे सगळं तुमच्या पाठीमागं हातभरावर चाललं होतं?"

"हो."

"अख्खी दुपार?"

"अख्खी दुपार."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"वल्हवत होतो. पुढं बघत होतो."

"एकदाही वळलात नाय?"

"एकदाही नाय. मला ठाऊकच नव्हतं, मागं काय चाललंय ते."

आधी काशीआते हसली, तोंडात उरलेले दोन दात दाखवून. मग ओटी हसली. असं हसणं त्या खाडीकाठी पूर्वी झालं नव्हतं. कौलं सरकली, आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी विचारलं म्हणे, कोणाचं लग्न हाय.

"तांडेल," गंगाराम डोळे पुसत म्हणाला, "इतकी मोठी थाप तुम्हीसुद्धा कधी मारली नव्हती."

"खरं सांगतोय! गळ्याशप्पथ!"

लोक उठले, पाठीवर थापा मारून गेले. "भारी हो तांडेल," असं म्हणत गेले. आणि कोणत्याही शपथेवर सांगता येईल, तो खरंच वळला नव्हता. भिकाजीच्या सत्तर वर्षांत इतकं निखळ खरं त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

ओटी रिकामी झाली. मथुरा कपबश्या गोळा करत होती.

"गो मथुरा," भिकाजी म्हणाला, "तुला तरी पटतंय ना? मी वळलो नव्हतो."

मथुरा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बाजारात बायका कल्ला उचलून मासा पारखतात, तसं तिने त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं, आणि न घेताच आत गेली.