रुमालाखालची चार बोटं

मंगरूळपीरच्या गुरांच्या बाजारात धनसिंगानं भाव वळखाचा खेळ मांडला व्हता. खाटेवर एक शिलाईमशीन, अन् तोंडापुढं भोंगा. "रुपाया टाका, मशीनचा भाव सांगा, मशीन घेऊन जा!" मशीनचं बिल लिफाफ्यात घालून चहावाल्या इस्माईलपाशी देल्लं व्हतं. तीनशेच्या वर दहाच्या नोटा किती, येवढंच सांगाचं. पण तोंडानं नाई. बैलाचे दलाल करतात तसं, रुमालाखाली. जितक्या नोटा, तितकी धनसिंगाची बोटं धराची. मंग थो भोंग्यावर आकडा सांगे अन् वरडे, "चुकला!"

सकाळपासून चाळीस जन चुकले व्हते.

एक्केचाळिसावी चंपाबाई. मशीन पाह्यली अन् तिनं वळखली. चाकावरचा टवका तिच्याच पोरानं पाडेल व्हता. नवरा मेल्यावर ह्याच मशीनवर तिनं दोन लेकरं जगवली. अन् पंधरा दिवसाखाली, ती वावरात निंदाले गेली असतानी, दीर पंजाबरावनं मशीन बिलासकट इकली. घरच्याच मानसानं इकली म्हटल्यावर बाईचं कोन आयकते? पण थे बिल तिनं सात वर्सं पेटीत जपलं व्हतं. तीनशे चाळीस.

"बाई, हा लुगड्याचा भाव नोय," धनसिंग हासला. लोकं बी फिदीफिदी हासले.

"हात दे इकडं," चंपाबाई म्हने.

रुमालाखाली तिनं त्याची चार बोटं धरली. धनसिंगाचं तोंडच उतरलं. मंग भोंग्यावर म्हने, "तीन धरली! तीनशे तीस! चुकली!"

अन् हात वढला. पन हात निंगालाच नाई.

"चार हायेत," चंपाबाई म्हने. "अजून धरेलच हायेत."

"सोड!"

"नाई सोडत."

धनसिंगानं दुसऱ्या हातानं काठी उचलली. पह्यली खांद्यावर बसली. दुसरी कानावर, रगत मानेवरून चोळीत उतरलं. तिसरी तिनं डाव्या हातावर झेलली, तं मनगट कडकन वाजलं अन् हात लोंबला.

"उकंडराव काका, रुमाल उचला!"

उकंडराव बाजारातला जुना दलाल. थो एक पाऊल मांगं सरला. "पोरी, सौद्यातला रुमाल तिसऱ्यानं उचलाचा नसते. जल्मात नाई उचलला म्या."

"मंग मरू द्या मले!"

चौथी काठी तोंडावर आली. दात तुटला. चंपाबाई तशीच खाली वाकली, रगतानं भरेल तोंडानं रुमाल धरला अन् मान झटकून बाजूले फेकला.

धनसिंगाची चार बोटं तिच्या मुठीत निळी पडली व्हती. अंगठा तेवढा बाहीर. हात वाचणं तिथं शेंबड्या पोराले बी येत व्हतं.

"चार," उकंडराव म्हने.

इस्माईलनं लिफाफा टरकावला. "तीनशे चालीस! कसम से!"

मंग काय सांगू बापा! चाळीसचे चाळीस जन धनसिंगावर तुटून पडले. कोनाची चप्पल, कोनाची बैल हाकाची तुतारी. भोंगा त्याच्याच डोक्यावर चेपला. नाक फुटलं, दोन बरगड्या गेल्या. अन् चंपाबाई त्याच्यासंगंच मातीत फरफटून राह्यली, पन मूठ काई सुटेना.

"अरे, बाईले लागून राह्यलं ना, डुकरायहो!" उकंडरावनं दोघातिघायले लाथा घातल्या. "पोरी, सोड आता. बोटायचा चुरा झाला त्याच्या."

"पह्यले मशीन बैलबंडीवर चढवा."

चौघायनं मशीन उचलून उकंडरावच्या बंडीवर ठेवली.

"दोर बांधा."

"बांधा रे माय-बापहो, लवकर बांधा!" धनसिंग मातीतून रडू लागला.

दोर बांधला. चंपाबाईनं एका उघड्या डोळ्यानं गाठ पाह्यली. "ढिली हाय," म्हने. उकंडरावनं गाठ पुन्ना आवळली. तवा कुठं तिनं मूठ उघडाले पाह्यलं, तं उघडेच ना. उकंडरावनं एकेक बोट सोडवलं.

"चाल, दवाखान्यात पह्यले."

"हो," चंपाबाई म्हने, "पन मशीन संगं येईन."