राहून गेलेलं नाव

"कागद हातात आला की खालून वाचायला लाग. आधी सही कुणाची ते बघ, मग वर चढ."

यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मला हे शिकवलं. यांचा सगळा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वर बघण्यात गेला, म्हणूनही असेल.

तेव्हा त्या सकाळी हॉटेलच्या समारंभ-विभागात माझ्या टेबलावर ते पत्र आलं, तर मजकुराआधी मला सही दिसली. मोठी, डावीकडे कललेली, शेवटी दोन ठिपके. ही सही मला पाठ होती. माझ्या कपाटात एका झेरॉक्सवर ती अकरा वर्षं पडून होती. मग मी वर चढले. लिफ्ट-तंत्रज्ञ संघटनेचं वार्षिक संमेलन, तीन दिवस, एकशेवीस माणसं. जुनं शहर पाहायची सगळ्यांना हौस आहे, नदीकडच्या खोल्या मिळाल्या तर बरं. आपला, अध्यक्ष.

समोरच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "ताई, हसताय काय एकट्याच?"

"पाहुणे यायचेत," मी म्हटलं.

हे लिफ्टचे मेकॅनिक होते, सत्तावीस वर्षं. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या इस्पितळातली दोन नंबरची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून सुटली आणि तळाला आदळली. आत लिफ्ट चालवणारी बाई एकटीच होती. जीव वाचला, पाय गेले. त्याआधी चार दिवस यांनी लिहून दिलं होतं की ब्रेकचं लायनिंग झिजलंय, लिफ्ट बंद ठेवा. आता हे पत्र धाडणारे अध्यक्ष, म्हणजे साहेब, तेव्हा लिफ्टचे मुख्य निरीक्षक होते. त्यांनी त्याच कागदावर 'तपासले, चालू ठेवावी' असा शेरा मारून सही ठोकली. तपासलं काहीच नव्हतं. वाचलंही नव्हतं. ढिगातला एक कागद, दुसरं काय. चौकशीत मूळ कागद सापडला नाही आणि झेरॉक्स कुणी मानली नाही. दोष यांच्या माथी आला. संघटनेने यांचं नाव सभासदांतून काढलं. त्यानंतर हे दोन वर्षं घरात बसून होते. बसून म्हणजे अगदी बसूनच. एका दुपारी खुर्चीतच गेले.

मी साहेबांना तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, 'आपल्या सूचनेचे स्वागत आहे. असाच लोभ असावा.' खाली सही, दोन ठिपके.

माझा रोजचा नेम आहे. पहाटे उठून जप करते, जप होईपर्यंत कुणाशी बोलत नाही, आणि दिवसभरात खोटं बोलत नाही. जप संपला की मी डोळे मिटून साहेबांचा चेहरा आठवायची. न चुकता, नऊ वर्षं. विसर पडू नये म्हणून.

माझी नणंद माझ्याजवळच राहते. तिला हे ठाऊक होतं. त्या संध्याकाळी दोघी भाजी चिरत होतो तेव्हा मी तिला संमेलनाचं सांगितलं, तर तिने सुरी खाली ठेवली.

"वहिनी, एक विचारू? तू रोज देवापुढे बसतेस ती क्षमा मागायला की आठवण करून द्यायला?"

"दोन्ही, वन्सं."

"मग देव कुठलं ऐकतो?"

"आजवर एकही नाही ऐकलं. आता एकाची वेळ आलीय बहुतेक."

तिने सुरी पुन्हा उचलली. "भावाचं माझ्याही पोटात आहे," ती म्हणाली. "पण तुझी नोकरी गेली तर दोघींनी काय खायचं ते आधी सांग."

मी चिरलेली भाजी धुवायला घेतली.

संघटनेचा चिटणीस दोन आठवडे रोज फोन करायचा. तिशी-पस्तिशीचा बडबड्या गृहस्थ. खोल्यांच्या याद्या, बिल्ले, बोटीची फेरी, सगळं त्याने हळूहळू माझ्या गळ्यात घातलं आणि मीही घालू दिलं.

"ताई, आता शेवटचंच," तो एकदा म्हणाला. "पहिल्या दिवशी अध्यक्ष दिवंगत सभासदांची नोंद वाचतात. सगळे उभे राहतात. प्रत्येकाबद्दल दोन ओळी. मी तुम्हाला नावं पाठवतो, तेवढं मोठ्या टायपात छापून फाइलमध्ये लावाल?"

"लावते की. साहेब आधी नजर घालतील ना त्यावर?"

"साहेब?" तो खो खो हसला. "अहो, साहेब हातात दिलेलं वाचतात. गेल्या वर्षी एका माणसाला दोनदा मारलं त्यांनी. पान दोनदा छापलं गेलं होतं. आवाज असा भारदस्त की लोक दुसऱ्यांदाही रडले."

मीही हसले. मी करणार होते त्याचं मला वाईट वाटलं नाही. पत्रव्यवहारात प्रत्येक कागदाखाली माझं नाव होतं, आडनाव होतं. यांचंच आडनाव. एवढ्या पत्रांत एकदा तरी कुणी खाली पाहिलं असतं तर मी कोण ते कळलं असतं.

नावं आली, बारा. मी तेरावं घातलं. त्याखालच्या ओळी लिहायला मला चार दिवस लागले. खोटं चालणार नव्हतं, नेम आहे माझा. म्हणून शब्दन्‌शब्द तपासून घेतला. सगळा खरा होता. फक्त तोंड माझं नव्हतं. एवढ्याची माफी मी आधीच मागून ठेवली.

संमेलनाच्या दिवशी बस हॉटेलच्या दारात लागली आणि पाहुणे उतरले. नदी राहिली बाजूला, जुना तट राहिला बाजूला. निम्मे लोक आधी आमच्या लिफ्टपाशी जमले. एकजण दाराला कान लावून म्हणाला, "हिचा घसा बसलाय." दुसरा म्हणाला, "घसा नाही, गुडघे." आमचे व्यवस्थापक कानकोंडे झाले. यांच्याच जातकुळीची ती माणसं. मला आत कुठेतरी भरून आलं आणि मी बिल्ले वाटत राहिले.

साहेब शेवटी उतरले. पासष्टी ओलांडलेले, जाडजूड, छातीवर अध्यक्षपदाची फीत. मी त्यांना सगळ्यात चांगली खोली दिली होती, नदीवर गच्ची असलेली. खोलीत फुलं ठेवली होती.

"वा, बाई," ते म्हणाले. "फार आपुलकीने केलंत. आमच्या लक्षात राहील."

"राहील," मी म्हटलं.

अकरा वाजता सभागृह भरलं. फाइल मी स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिली आणि मागे भिंतीशी उभी राहिले. चिटणीसाने सगळ्यांना उभं केलं. साहेबांनी चष्मा लावला आणि सुरुवात केली. चिटणीस खोटं बोलला नव्हता. आवाज खरंच असा की साधं नावही मोठं वाटावं. एक नाव, दोन ओळी, क्षणभर शांतता. दुसरं. तिसरं.  लहानपणी शर्यतीत शिट्टी वाजायच्या आधी उभी राहायची, तशी मी उभी होते.

बारावं नाव झालं. पान उलटलं.

साहेबांनी यांचं नाव घेतलं.

तिसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्याने झटकन मान वर केली. साहेब वाचतच होते. "लिफ्ट-मेकॅनिक, सेवा सत्तावीस वर्षं. इस्पितळाच्या दोन नंबर लिफ्टचा ब्रेक झिजला आहे, ती बंद ठेवावी, असं यांनी अपघातापूर्वी चार दिवस लेखी कळवलं होतं. तो कागद मी वाचला नाही. न वाचता त्यावर…"

ते थांबले. डोळे ओळीवरून खाली घसरले, मग त्यांनी पान उचललं. खाली झेरॉक्स लावलेली होती. यांचं अक्षर, त्यावर त्यांचा शेरा, त्यावर त्यांची सही.

सभागृह उभंच होतं.  साहेबांनी फाइल मिटायला घेतली.

"साहेब," तिसऱ्या रांगेतला म्हातारा म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "पुढे वाचा. आम्ही उभे आहोत."

"पुढे वाचा," मागून आणखी कुणी म्हणालं.

चिटणीस माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी वाचलं. आवाज तोच होता, पण आतून हवा गेलेला. "न वाचता त्यावर मी सही केली. दोष यांच्यावर गेला. तो माझा होता. यांचं नाव या नोंदीत नऊ वर्षं राहून गेलं."

मला वाटलं होतं, त्या क्षणी माझ्या छातीवरून काहीतरी उतरेल. उतरलं नाही. पण गोड लागलं. हे लपवण्यात अर्थ नाही. फार गोड लागलं.

दुपारी व्यवस्थापक म्हणाले, "बाई, संमेलन उरकू द्या, मग बोलू." काय बोलणार ते मला कळलं होतं. घरी फोन करून नणंदेला सांगितलं. "झालं?" तिने विचारलं. "झालं," मी म्हटलं. ती रडत होती की हसत होती, फोनवर कळेना.

चारच्या सुमाराला साहेब माझ्या टेबलाशी आले. हातात ते पान.

"हे तुम्ही छापलंत?"

"हो."

"मी तुमच्यावर कारवाई करू शकतो."

"करा. फक्त त्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा."

ते समोरच्या खुर्चीत बसले, न विचारता. पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू बाई? सही माझी आहे. पण मला तो दिवस आठवत नाही. तुमचे यजमानही आठवत नाहीत. मी दुपारभर आठवतोय."

इतक्या वर्षांत आला नव्हता एवढा त्यांचा राग मला तेव्हा आला. मी रोज पहाटे ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, त्याच्या डोक्यात आम्हाला उभं राहायलाही जागा नव्हती. टेबलावर पाण्याचा भरलेला पेला होता. तो त्यांच्या तोंडावर फेकावा असं मनात आलं. मी तो त्यांच्यापुढे सरकवला.

ते प्यायले. "काय करू सांगा. माफीचं पत्र लिहून देतो."

"लिहून नको. तुमच्या सहीचं मी काय करू?"

"मग?"

"लिफ्टमधली बाई," मी म्हटलं. "पुलापलीकडे राहते. हे वारले त्याच्या आदल्या महिन्यात एकदाच घराबाहेर पडले, ते तिच्याकडे. तिने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, 'माझे पाय खाल्लेस, आता तोंड दाखवू नकोस.' ती अजून तेच धरून बसलीय. तुम्ही एकशेवीस जणांपुढे वाचलंत. ती राहिलीय."

साहेबांनी पानाची घडी करून ते खिशात ठेवलं. खिडकीतून नदीवरच्या बोटींची शिट्टी ऐकू आली.

"उद्या जातो," ते म्हणाले.

"उद्या तुमची बोटीची फेरी आहे."

"फेरीआधी जातो. सकाळीच. शब्द देतो."

मी मान डोलावली. विश्वास ठेवला असं नाही. पत्ता तेवढा एका चिठ्ठीवर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी कामावर आले. मंडळी धक्क्याकडे निघायच्या गडबडीत होती. कुणाची टोपी सापडेना, कुणी आमच्या लिफ्टला जाता जाता सल्ला देत होता. साहेब जिन्याने खाली आले. छातीवर फीत नव्हती. दाढी नीट केलेली, बूट पुसलेले.

"टॅक्सी बोलावू, साहेब?" दरवानाने विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. 

"नको," ते म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "कितवा मजला?"

"चौथा."

"लिफ्ट…?"

"नाही."

त्यांनी एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि बाहेर पडले.

चिटणीस धावत आला. "ताई, बोट सुटायला आली. साहेबांसाठी थांबवू का?"

"नका थांबवू," मी म्हटलं आणि काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पुलाचा चढ सुरू होतो तिथे ते थांबले. अंगातला कोट काढून त्यांनी हातावर घेतला, कठड्याला धरून दोन श्वास घेतले, आणि पुन्हा चालू लागले.