कॉलरखालचे तीन लाल टाके

चौदा वर्षं मी विरेश मालकाच्या कारखान्यात गणवेश शिवले. कॉलर बसवायच्या कामावर आमी दोघी. दुसरीची कॉलर वाकडी बसली, तरी बोलणी मला, चिमाबाईलाच. म्हणून मी माझ्या कॉलरीच्या घडीत गुपचूप तीन लाल टाके घालाय लागले. खूण करायला सक्त मनाई होती, पण बाहेरून काय दिसत न्हाय.

आखाडात निवेदिता वकीलबाई आल्या. पिशवीत करडा शर्ट, वाळल्या रक्ताचा. त्यांनी सगळं सांगितलं. लढाई चाललेल्या मुलखात एका कंपनीच्या भाडोत्री बंदूकवाल्यांनी नाक्यावर एका बापाला आन् त्याच्या दोन लेकींना गोळ्या घातल्या. पळताना त्या बंदूकवाल्यांतल्या एकानं हा शर्ट काढून फेकला. आता कंपनी म्हणती, ती माणसं आमची न्हाईत, शर्ट नकली हाय, तिकडच्याच बाजारात शिवलेला. चोराच्या उलट्या बोंबा. कंपनीचे गणवेश कुठं शिवले, ते हुडकत वकीलबाई हितवर आल्या होत्या.

मालक म्हणाले, "हा माल आमचा नाही."

मी मशीन थांबवली. "आपलाच की, मालक. त्या कंपनीची तीनशेची आर्डर. दुसरी बाई रजेवर, सगळ्या कॉलरी मीच बसवल्या. खराब शर्टबी आपण कात्रीनं फाडले, बाजारात एक गेला न्हाय. कॉलर उसवा, तीन लाल टाके निघतील."

"आत्ता नाही. पुरावा आहे तो, कोर्टापुढंच उसवायचा," वकीलबाई म्हणाल्या. "पण चिमाबाई, आधी शपथपत्रावर सही करावी लागेल. टाके निघाले नाहीत तर तुम्ही खोट्या ठराल."

मालकांनी मला बाजूला घेतलं. "खाल्ल्या मिठाला जाग. सही केलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

लई राग आला. चौदा वर्षं पाठ मोडून खाल्लं, कुणी आयतं ताट वाढलं नव्हतं. तिकडं पोरी मेल्या, आन् मी माझ्या हातचं काम वळखायचं न्हाय व्हय? तिथंच सही केली.

दिवाळीनंतर साक्ष झाली. मी हितं कॉम्प्युटरपुढं, कोर्ट तिकडं परदेशात. कंपनीच्या वकिलानं दुभाष्याकडून विचारलं, "हजारो शर्ट शिवता. हाच तुमचा, हे कसं आठवतं?"

"आठवत न्हाय," मी म्हणाले. "उसवा."

कात्री चालली. घडी उघडली आन् तीन लाल टाके दिसले.

निकाल अजून लागायचाय. माझं काम मात्र गेलं. आता घरीच शर्ट, ब्लाउज शिवते. तीन लाल टाके अजून घालते, पण आता बाहेरून, सगळ्यांना दिसतील असे.